बामणोलीच्या मुक्कामाला काय काय घ्यायचं

तर शनिवारी बामणोली नक्की, म्हणजे साताऱ्याहून कासच्या पुढचं, पाण्याकाठचं गाव. दोन-तीन जणांनी विचारलं काय घेऊ काय घेऊ, म्हणून एकदाच सगळं टाईप करतोय, नीट वाचा, नंतर घाटात गाडी थांबवून "अरे माझं राहिलं" नको.

आधी एक क्लिअर करतो. रात्री बोटीत झोपायचं नाहीये, तशी सोयही नसते तिथे. शनिवारी दुपारी पोचायचं, संध्याकाळी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बोटीने एक फेरी, रात्री काठावर तंबूत, आणि रविवारी पहाटे उठून लाँचने वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, सगळा कोयना अभयारण्याचा भाग आहे, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. शिवाजी महाराजांनी गडाला व्याघ्रगड नाव दिलं ते काय उगीच नाही, त्यामुळे वरती राहू वगैरे आयडिया कुणी काढू नका. बामणोलीत वनखात्याची नोंद करावी लागते, प्रत्येकाने ओळखपत्र आणि त्याची एक झेरॉक्स आणायची. मोबाईलमधला फोटो चालेल का हे मला विचारू नका, झेरॉक्स दोन-तीन रुपयाला मिळते.

आता मेन मुद्दा, पाणी. मागच्या वेळी मी नवीकोरी सॅक बोटीत फळीखाली नीट सरकवून ठेवली होती, मला वाटलं किती शहाणा मी. बोटीच्या तळाला नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं, त्यात डिझेलचा वास, आणि तासाभराने सॅक उचलली तर खालून धार लागलेली. अंथरूण, स्वेटर, मोजे सगळं चिंब. डिसेंबरची रात्र, काठावरचा वारा, आणि मी वहिनीची शाल पांघरून शेकोटीला पाठ लावून सकाळपर्यंत बसलेलो. फोटो आहे, दाखवणार नाही.

म्हणून यावेळी महागडी वॉटरप्रूफ बॅग वगैरे काही घ्यायची नाही, खताच्या पोत्याच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ना ती घ्यायची. शेती असलेल्या प्रत्येकाच्या घरी ढीग पडलेला असतो. दोनदा स्वच्छ धुवून उन्हात वाळवायची, सॅकच्या आत आधी ती घालायची आणि मग त्यात कपडे, तोंडाला पीळ देऊन दुमडून सुतळीने बांधायचं. बाहेरून पिशवी घालू नका, फळीचा खिळा लागला की फाटते. मोबाईल आणि पॉवर बँक घट्ट झाकणाच्या डब्यात. सॅक फळीवर ठेवायची, फळीखाली नाही, हे मी आता मेलो तरी विसरणार नाही.

लाईफ जॅकेट बोटीवर मिळतं पण चढायच्या आधी बक्कल लावून ओढून बघा, तुटकं असेल तर दुसरं मागायचं, लाजायचं नाही. पोहता येतं म्हणून जॅकेट मांडीवर घेऊन बसणाऱ्यांनी, दादा तुलाच म्हणतोय, लक्षात ठेवा की हे विहिरीत पोहण्यासारखं नाही, कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट आहे आणि खाली जुनी गावं, झाडं, भिंती बुडालेल्या आहेत. पिऊन बोटीत बसायचं नाही. यावर चर्चा नको.

कपडे दोन जोड, जीन्स अजिबात नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. कानटोपी आणि जाड मोजे हवेतच, पहाटे पाण्यावर धुकं इतकं असतं की समोरचा डोंगर गायब. दुपारी मात्र पाण्यावरून ऊन डोळ्यात जातं, तेव्हा टोपी, गॉगल. बूट ट्रेकचे, पण बोटीसाठी वेगळी चप्पल, कारण उतरताना बऱ्याचदा चिखलात पाय जातो. सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून आपटा, विंचू बिंचू.

खाणं म्हणाल तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, बस. दुधातल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, आई करून देणार आहे, दहा जणांचं गणित तिला सांगितलंय. रात्रीचं जेवण काठावरच्या घरी सांगून ठेवलंय, पिठलं-भाकरी. चिप्सची पाकिटं आणू नका, वासोट्याला जाताना प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात आणि खाली आल्यावर परत मोजतात. पाण्याच्या बाटल्या घरच्या स्टीलच्या आणा म्हणजे भानगडच नाही.

बाकी किरकोळ, टॉर्च प्रत्येकी एक, डासांचं मलम, पोटाची आणि तापाची गोळी, घाटात मळमळणाऱ्यांनी आपली गोळी निघायच्या आधी घ्यायची. पैसे रोख आणा, साताऱ्यातूनच काढून ठेवा, कास सोडल्यावर रेंज येते-जाते, तिथे बोटवाल्यासमोर क्यूआर कोड धरून उभं राहायला नको. घरी आधीच सांगून ठेवा की फोन लागणार नाही, नाहीतर काकू पोलिसांत जातील.

साडेअकराला समर्थ मंदिरापाशी जमायचं, यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत कुणीही भूक लागली म्हणायचं नाही. पिशव्या मी सगळ्यांसाठी धुवून आणतोय. ताडपत्री कोण आणतंय ते आज रात्री सांगा, मागच्या वेळची भोकं पडलेली नको.