स्पायनल वॉर्डात पोस्टिंग लागलंय? आधी बीपी नीट घ्यायला शिका

न्यूरो फिजिओला (मेंदू-मज्जातंतूंच्या फिजिओथेरपीला) येणारी मुलं-मुली नेहमी विचारतात की स्पायनल कॉर्ड इंज्युरीच्या, म्हणजे मणक्यातल्या मज्जारज्जूला मार लागलेल्या पेशंटच्या पोस्टिंगची तयारी कशी करू, आणि बहुतेकांचा आसियाचा, म्हणजे ही इंज्युरी मोजायचा चार्ट तोंडपाठ असतो, मायोटोम (कोणती नस कोणते स्नायू हलवते), डर्माटोम (कोणती नस कुठली कातडी जाणवते), ग्रेड सगळं. ते यायलाच हवं. पण त्या चार्टवरून स्नायूंची ताकद आणि संवेदना कळते, बीपी, पल्स, घाम, अंगाचं तापमान, लैंगिक संबंध यांचं काय झालंय ते कळत नाही. म्हणून तर 2009 साली ऑटोनॉमिक, म्हणजे शरीराच्या या आपोआप चालणाऱ्या कामांच्या तपासणीचं वेगळं स्टँडर्ड आलं आणि 2021 मध्ये ते सुधारलं. प्रत्येक गोष्टीला नॉर्मल असेल तर 2, बदललं असेल तर 1, पूर्ण गेलं असेल तर 0. फॉर्म भरणं सोपं आहे, बघायचं काय ते कळणं अवघड.

अ‍ॅनाटॉमीतलं एकच पक्कं करा. सिम्पथेटिकचे, म्हणजे बीपी आणि पल्स वाढवणाऱ्या नसांचे धागे टी1 ते एल2 मधून (छातीपासून कमरेच्या वरच्या भागापर्यंतच्या मज्जारज्जूतून) बाहेर पडतात, आणि पल्स मंद करणारी वेगस नर्व्ह मेंदूतून थेट हृदयाकडे जाते, मणक्यातून नाही. त्यामुळे मानेला मार लागला की वेगस शाबूत राहते पण सिम्पथेटिकवरचा मेंदूचा ताबा जातो, म्हणून अशा पेशंटचं बीपी कमी आणि पल्स मंद. सी5-सी6 वाल्या (मानेत इंज्युरी असलेल्या) पेशंटचं वरचं बीपी एरवी 90 ते 110 असू शकतं आणि त्याच्यासाठी तेच नॉर्मल असतं. हा आकडा पहिल्याच दिवशी फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता समजा एरवी 92/60 असणारा पेशंट म्हणतोय डोकं फुटतंय, आणि मशीनवर 128/84 दिसतंय. पुस्तकाप्रमाणे छान बीपी. पण चेहरा आणि मान लाल झालीये, कपाळावर घाम, नाक चोंदलंय, हातावर काटा, आणि पाय मात्र गार. ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया आहे, म्हणजे इंज्युरीच्या खाली कुठेतरी काहीतरी टोचलं-तुंबलं की बीपी अचानक चढणं; इंज्युरी टी6 (छातीच्या मधल्या भागाची पातळी) किंवा त्याच्या वर असली की होते, आणि नेहमीपेक्षा वरचं बीपी 20 ने जरी चढलं तरी सावध व्हायचं. आडवं अजिबात ठेवू नका, सरळ बसवा, पाय खाली सोडा, पोटाचा बाइंडर (पट्टा), बेल्ट, बूट सैल करा आणि कुणाला तरी डॉक्टरांना बोलवायला पाठवा. तोपर्यंत कॅथेटरची नळी वरपासून खालपर्यंत हाताने चाचपा. खूपदा ती मांडीखाली दबलेली असते, सोडवली की लघवी भसाभसा पिशवीत येते आणि बीपी उतरायला लागतं. तसं नसेल तर संडास साठलीये का, बेडसोर आहे का, पायाचं नख आत रुतलंय का. बीपी दर दोन-तीन मिनिटांनी घेत राहा, कारण चढत गेलं तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कधी कधी पेशंटला काहीच जाणवत नाही आणि बीपी मात्र चढलेलं असतं, म्हणून युरोडायनॅमिक्स (मूत्राशय भरून करायची तपासणी) चालू असतानाही बीपी बघायचं.

याच्या उलट बसवल्यावर बीपी पडणं. दहा मिनिटं शांत झोपवून बीपी-पल्स घ्या, मग पेशंटला जोर न लावू देता तुम्ही उठवून बसवा आणि पहिल्या, तिसऱ्या मिनिटाला, जमलं तर दहाव्यापर्यंत घेत राहा. तीन मिनिटांत वरचं 20 ने किंवा खालचं 10 ने पडलं तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात, म्हणजे उठून बसल्यावर बीपी पडणं. आकडा घेताना बोलत राहा, "काका, डोळ्यापुढे अंधारी येतेय का?" कारण उत्तर देता देता आवाज बारीक झाला की मशीनच्या आधी तुम्हाला कळतं. खूप जणांना वाटतं की पेशंट आळस करतोय, व्यायाम टाळतोय, आणि त्या बिचाऱ्याचं बीपी 70 वर आलेलं असतं, हे बघून मला फार वाईट वाटतं.

घामाचं आणि तापमानाचं मे महिन्यात जास्त बघा, इंज्युरीच्या खाली घामच येत नाही त्यामुळे नुसत्या उकाड्यानेही अंग तापतं. लैंगिक प्रश्न मात्र नातेवाईक बाहेर गेल्यावर, पडदा ओढून, साध्या शब्दात विचारा. पेशंट स्वतःहून बोलत नाही, पण विचारलं की बहुतेक जण मोकळे होतात, बायकांना तर हे कुणी विचारतच नाही.

आणि डिस्चार्जच्या आधी घरच्यांना बीपी घ्यायला शिकवाच. एरवीचं बीपी किती, इंज्युरी कुठे, डोकं दुखून बीपी चढलं तर आधी काय करायचं, हे मराठीत एका कागदावर लिहून द्या आणि त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगा, कारण गावाकडच्या डॉक्टरांनी डिसरिफ्लेक्सिया कधी पाहिलेलीच नसेल तर तो कागद त्यांच्याही कामाला येतो.