गावात समुद्र नाही? मग सर्फ फिल्म अशी निवडा आणि दाखवा

मागच्या मे महिन्यात भुसावळला आमच्या गच्चीवर पहिल्यांदा सर्फ फिल्म, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होणाऱ्यांची फिल्म, लावली आणि वीस मिनिटांत निम्मी गच्ची रिकामी झाली. फिल्म चकचकीत होती. दर दोन सेकंदाला नवा शॉट, ढणढण संगीत. पोरगा कुठला, लाट कुठली, कशाचा कशाला पत्ता नाही. मावशी म्हणाली, "टूथपेस्टची जाहिरात आहे का रे ही?" आणि वाळवणाचे पापड उचलायला निघून गेली.

चूक मावशीची नव्हती. 'द एन्डलेस समर' ही सर्फ फिल्म बनवणाऱ्या अमेरिकेच्या ब्रूस ब्राउनलाही वितरक म्हणाले होते की किनारा सोडला तर हे कोण बघणार? त्याने ती फिल्म ऐन हिवाळ्यात कॅन्ससमधल्या विचिटाला लावली. समुद्र तिथून शेकडो मैल दूर, तरी लोकांनी गर्दी केली. पुढे 1966 मध्ये ती अमेरिकाभर लागली. म्हणून माझी कसोटी एकच: समुद्र न पाहिलेला माणूस जागेवरून उठतो का?

निवडताना आधी फिल्म मधूनच कुठूनही लावा आणि एक अख्खी लाट शोधा. पोरगा हातांनी पाणी मारत निघाला, लाटेने उचलला, उभा राहिला, वळला, बाहेर पडला किंवा आपटला, हे सगळं सलग दिसतं का? लाटेवरची स्वारी बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपते. त्यातही सात तुकडे केले तर उरतं काय? सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस नुसता फोटो बघून सौदा करत नाही, घोडा चालवून, पळवून बघतो. इथेही चाल बघायची. मुंडक्याचा शॉट, पायाचा शॉट, तुषारांचा शॉट अशी चटणी केलेली असेल तर फिल्म तिथेच बाजूला ठेवा.

स्लो मोशनपासूनही सावध राहा. सेकंदाला 120 फ्रेम घेऊन 24 ने चालवलं की सगळं पाचपट संथ होतं, आणि गुडघाभर लाटही डोंगराएवढी भासते. एखाद्या वळणापुरतं ठीक. पूर्ण फिल्मच तशी असेल तर पाण्याचं वजन जातं.

मग कॅमेरा कुठे ठेवलाय ते पाहा. किनाऱ्यावरून लांब लेन्सने घेतलं की लाटेचा आकार कळतो, पण माणूस बाहुलीसारखा दिसतो. पाण्यातून घेतलं की छातीत धडधडतं, पण दिशा हरवते. दोन्ही हवं. जॉर्ज ग्रीनो या सर्फरने 1960 च्या दशकाच्या शेवटी जड कॅमेरा पाठीवर बांधून लाटेच्या नळीच्या, म्हणजे लाट वळून कोसळताना आत होणाऱ्या पोकळीच्या, आतून चित्रण केलं. आज छोट्या कॅमेऱ्याने कोणीही घेतो तो शॉट तिथून आलाय. मोठ्या लाटांच्या फिल्ममध्ये मापाला काहीतरी शेजारी असायला हवं. पोर्तुगालच्या नाझारेला 2020 मध्ये सेबास्टियन स्टॉयडनर या जर्मन सर्फरने 26.21 मीटरची लाट पेलली. नुसता आकडा सांगून कोणाला काय कळणार? तिथल्या कड्यावरचं दीपगृह आणि त्याच्या भिंतीवरची माणसं चौकटीत आली की उंची आपोआप कळते.

वाट बघणं फिल्ममध्ये आहे का, हेही तपासा. सर्फिंग म्हणजे बराचसा वेळ पाण्यात बसून राहणं. 'एन्डलेस समर'मधली, लाटा शोधत जगभर फिरणारी दोघं पोरं दक्षिण आफ्रिकेतल्या केप सेंट फ्रान्सिसजवळ वाळूचे डोंगर तुडवत जातात, तेव्हा कुठे ती लाट दिसते. वाळू तुडवली नसती तर लाटेची किंमत वाटली नसती. आणि पडणं कापून टाकलेली फिल्म तर घेऊच नका. पडल्यावर पाण्याखाली किती वेळ राहिला, डोकं कुठून वर आलं, ते दिसलंच पाहिजे.

दाखवायची पद्धत सोपी आहे. पूर्ण अंधार पडल्यावरच सुरू करा, नाहीतर निळं पाणी धुरकट दिसतं. पडद्याच्या चादरीला खालूनही दोऱ्या बांधा. आमची पहिली चादर वाऱ्याने शिडासारखी फुगली आणि लाट पोट पुढे काढून आली. स्पीकर पडद्याजवळ ठेवा. गच्चीवर घरचेच असतील तर गोष्ट वेगळी, पण चौकात, मंडळात लावणार असाल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आधी घ्या.

आता खरी गंमत. त्या काळचे सर्फ फिल्मवाले गावोगाव जाऊन पडद्याशेजारी उभे राहून स्वतः बोलायचे, ब्राउनही तसाच. तुम्हीही बोला, आणि अहिराणीत बोला. लाट कुठून येते हे सांगायला तापी आहेच: पाऊस वर मध्य प्रदेशातल्या बैतुलात पडतो, आभाळ इथे कोरडं असतं, तरी हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. समुद्राचंही तसंच. वादळ हजारो किलोमीटर लांब होतं आणि त्याची लाट शांत किनाऱ्यावर येऊन फुटते. हे दोन वाक्यांत सांगा आणि गप्प बसा. लाट चालू असताना बडबड नको.

दुसऱ्या वेळी आम्ही तसंच केलं. एक पोरगा लाटेच्या माथ्यावरून खाली कोसळला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "पडना रे भो!" (पडला रे भाऊ!) मग नुसता फेस. गच्चीवर कोणी हलेना. फेसातून डोकं वर आलं तशी मावशी पापडाचं ताट मांडीवर घेऊन म्हणाली, "उठना, उठना!" (उठला, उठला!) ती लाट आम्हाला तीनदा मागे घेऊन दाखवावी लागली.