गोंदाची बाटली शेवटी उघडा: मिश्र माध्यमातलं कोलाज नेमाने कसं करावं

कोलाज करायला बसलं की पहिला मोह होतो तो चिकटवण्याचा. एखादं छान चित्र कापायचं, कागदाच्या मधोमध लावून टाकायचं आणि मग पुढचा अर्धा तास त्याच्या आजूबाजूला काय लावू म्हणून चाचपडत बसायचं. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. त्यातली बरीच कामं आज बघवत नाहीत, आणि प्रत्येक कामानंतर महिना-महिना मी टेबलाकडे फिरकतही नसे. हात बसला तो एका साध्या बदलाने. चिकटवण्याचा दिवस मी वेगळा काढला.

‘कोलाज’ हा शब्द आलाय फ्रेंचमधल्या ‘चिकटवणे’ या क्रियापदावरून. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि चौकटीच्या जागी दोरखंड गुंडाळला, हा किस्सा कोलाजच्या इतिहासात पहिल्या पानावर असतो. मला मात्र फ्रेंच चित्रकार मातिसकडून जास्त शिकायला मिळालं. म्हातारपणी, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, तो कात्रीकडे वळला. मदतनीस कागदाला ग्वाश (अपारदर्शक जलरंग) लावून द्यायचे, तो थेट कात्रीने आकार कापायचा आणि ते आकार टाचण्यांनी भिंतीवर लावले जायचे. मग हलवाहलव चालायची. हा जरा वर, तो डावीकडे, दुसरा काढूनच टाक. गोंदाची पाळी फार उशिरा यायची. आपल्याला करायचंय ते एवढंच, फक्त टेबलावर आणि छोट्या आकारात.

१. आकार लहान ठेवा आणि ट्रे घ्या

पोस्टकार्डाएवढा, म्हणजे साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचा आकार सुरुवातीला पुरे. मोठा कागद भरायला तुकडे जास्त लागतात, वेळ जास्त लागतो आणि फसलं की जीवही जास्त हळहळतो. आधाराला २०० ते ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जाड कार्ड किंवा जलरंगाचा कागद घ्या. वहीच्या पातळ पानावर ओला गोंद लागला की पान लाटांसारखं उठतं.

वहीतच करायचं असेल तर एक सुताराचं काम आधी उरका. दर दुसरं पान शिवणीपासून बोटभर पट्टी ठेवून कापून काढा. नाहीतर चिकटवलेल्या कागदांनी वही फुगते आणि महिन्याभरात तिचा जबडा मिटेनासा होतो.

ट्रे कसलाही चालेल, फक्त त्यात मांडलेलं काम न हलवता उचलून कपाटावर ठेवता आलं पाहिजे. रोज टेबल रिकामं करावं लागणाऱ्या घरात ट्रे नसला तर ही सवय आठवडाभरही टिकत नाही.

बाकी सामान थोडं: लहान टोकदार कात्री, कटर आणि त्याची जादा पाती, स्टीलची पट्टी, खाली घ्यायला कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा, दोन चपटे ब्रश. कटरचं पातं बोथट झालं की कागद कापला न जाता ओरबाडला जातो, आणि बोट कापतं तेही बहुधा बोथट पात्यानेच, कारण त्यावर जोर द्यावा लागतो. पात्यात कंजुषी नको.

२. कागद जमवा, पण विषयवार लावू नका

जुनी मासिकं, आलेली पाकिटं, नकाशे, हिशेबाची पानं, शिवणकामाचे पॅटर्न, खराब झालेल्या छपाईचे कागद, कापडाच्या चिंध्या, दोरा, जाळी. कुर्ट श्विटर्स हा जर्मन कलावंत ट्रामची तिकिटं आणि रस्त्यावरचे वेष्टनांचे तुकडे उचलून आणायचा. आपण त्याच्याइतकं नाही केलं तरी चालेल.

सगळेजण इथे एक चूक करतात. मीही केली होती. एका पाकिटात फुलं, दुसऱ्यात चेहरे, तिसऱ्यात पक्षी. त्यामुळे होतं काय, तर पक्षी हवा म्हणून पक्ष्याच्या पाकिटात हात जातो आणि अपेक्षेप्रमाणे पक्षीच निघतो. आता माझ्याकडे तीनच पेट्या आहेत: गडद, फिकट आणि अक्षरांची. गडद पेटीत कोटाची बाही, रात्रीचा रस्ता आणि वांगी रंगाची पाकळी एकत्र पडलेली असतात. कागद शोधताना भलताच काहीतरी हाती लागतो, आणि कोलाजमधली निम्मी गंमत त्या भलत्यातच आहे.

दोन कागदांपासून जपा. दुकानातल्या छापील पावत्या बहुतेक थर्मल कागदावर असतात. उष्णतेने त्या काळवंडतात आणि काळाने अक्षरं उडतात. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, तो उजेडात पिवळा पडतो. पिवळेपणा आवडत असेल तर प्रश्नच नाही. तो नको असेल तर त्या तुकड्याची चांगल्या कागदावर लेझर प्रत काढा आणि ती वापरा.

३. एक बैठक फक्त कागद रंगवण्याची

‘मिश्र माध्यम’ खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं. नुसती मासिकातली चित्रं चिकटवली की काम दुसऱ्याच्या छपाईवर अवलंबून राहतं. स्वतः रंगवलेले कागद मध्ये आले की ते आपलं होतं. १८व्या शतकात मेरी डिलेनी या इंग्लिश बाईंनी वयाच्या बहात्तरीच्या सुमारास कागदाची फुलं करायला घेतली आणि दहाएक वर्षांत ९८५ चित्रं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर कागदाचे बारीक तुकडे, त्यातले कितीतरी तिने स्वतः रंगवलेले.

आठ-दहा कागद टेबलावर पसरा. पातळ केलेला ॲक्रिलिक रंग एकावर ब्रशने फिरवा, दुसऱ्यावर स्पंजने टिपा, तिसऱ्यावर रंग ओला असताना कंगव्याने ओढा. चौथ्यावर आधी मेणाच्या खडूने रेघोट्या मारून वरून जलरंग द्या. मेण पाणी झिडकारतं, रेघा तशाच उघड्या राहतात. पाचव्यावर उरलेला रंग पुसा. माझे सगळ्यात कामाचे कागद या पाचव्या जातीचे असतात, ब्रश पुसता पुसता झालेले. चित्र काढायचं नाही, एवढंच लक्षात ठेवा. हे कापड विणण्यासारखं आहे, शिवायचं नंतर.

४. दुसरी बैठक कापण्याची आणि फाडण्याची

कात्रीची कड थंड, नेमकी असते. कटरची त्याहून जास्त. फाडलेली कड मऊ असते आणि रंगवलेला किंवा छापलेला कागद फाडताना एका तुकड्याला आतली पांढरी किनार येते, दुसऱ्याला येत नाही. फाडण्याची दिशा उलटी केली की किनार दुसऱ्याकडे जाते. रद्दी कागदावर चार वेळा करून बघा, हाताला लगेच कळतं.

सरळ फाटत नसेल तर दोष हाताचा नाही, कागदाच्या धाग्याचा आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेला झोपलेले असतात. त्या दिशेने वर्तमानपत्र सरळ फाटतं, आडवं मात्र वेडंवाकडं. ही दिशा ओळखून ठेवा, चिकटवताना पुन्हा लागणार आहे.

कापताना चित्राचा अर्थ बाजूला ठेवा. पूर्ण चेहरा कापण्यापेक्षा गाल आणि कॉलर यांच्यामधला वक्र कापा. आणि आकार कापून झाल्यावर उरलेला भोकाचा कागद फेकू नका. पुष्कळदा तोच जास्त देखणा असतो.

५. मांडा, आणि गोंदाला हात लावू नका

एक उदाहरण सांगते. परवाच्या ट्रेमध्ये तीन गोष्टी होत्या: एका लिफाफ्याच्या आतली निळी बारीक नक्षी, जिन्याचा कृष्णधवल फोटो आणि मी रंगवलेला राखाडी कागद. जिना सरळ ठेवला तर तो जिनाच दिसत होता, म्हणजे नजर चढून वर जायची आणि संपायची. उलटा केला. आता त्या पायऱ्या पट्ट्या झाल्या. त्याचा वरचा तिसरा भाग राखाडी कागदाने झाकला, तेव्हा कुठे निळी नक्षी बोलायला लागली. तरी उजवा खालचा कोपरा मेलेला वाटत होता. तिथे आणखी कागद ठेवून बघितले, पाच-सहा. प्रत्येकाने गर्दी केली. शेवटी लाल दोऱ्याचे तीन टाके पुरले, आणि तेही दुसऱ्या दिवशी सकाळी सुचले. त्याच रात्री चिकटवलं असतं तर तिथे एक फुलपाखरू बसलं असतं.

मांडणी जमतेय का हे बघायला फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळं एकाच राखाडीत विरघळलं तर गडद-फिकटाचा फरक कमी आहे, कितीही रंगीत असलं तरी. मग ट्रे उलटा फिरवून बघा. मग एक तुकडा काढून बघा. काढल्याने काही बिघडलं नाही तर त्याची गरज नव्हती. दर बदलाला एक फोटो ठेवा, कारण ‘मघाचंच बरं होतं’ हे हमखास होतं आणि मघाचं आठवत नाही.

आता ट्रे निदान एक रात्र तसाच ठेवा.

६. चिकटवण्याचा दिवस

पांढरा पीव्हीए गोंद (नेहमीचा दुधी फेव्हिकॉलसारखा) किंवा ॲक्रिलिक मॅट मीडियम (रंग नसलेलं, बिनचकाकीचं ॲक्रिलिक), दोन्ही चालतात. गोंदाच्या कांडीने पातळ कागद पटकन लागतो, पण कडा पुढे सुटतात. खळ हातांना आवडते, तिने लावलेला कागद थोडा वेळ सरकवताही येतो. मात्र ती पूर्ण सुकवावी लागते, नाहीतर बुरशी धरते.

सुरकुत्या आणि फुगे का येतात हे समजलं की निम्मा त्रास जातो. ओला झाला की कागद फुगतो, आणि धाग्याला आडव्या दिशेने जास्त फुगतो. फुगण्याआधीच घाईने चिकटवला तर तो चिकटल्यावर फुगतो आणि जागा नसल्याने सुरकुतीत वर येतो. म्हणून पातळ मासिकाच्या तुकड्याला मागून गोंद लावा आणि क्षणभर थांबा. तो आधी कडेने वळेल, मग हळूहळू सैल पडून सपाट होईल. तेव्हा उचला. एक कड आधी टेकवा आणि मधून बाहेरच्या बाजूला बोटाने किंवा लहान रोलरने हवा ढकलत न्या. आधाराच्या कार्डालाही पातळ गोंद लागलेला असू दे. वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर.

सकाळी कार्ड वाटीसारखं वाकलेलं दिसलं तर समजा, सुकताना आकसलेल्या कागदाने त्याला आपल्याकडे ओढलंय. मागच्या बाजूला तसाच कागद, धाग्याची दिशा जुळवून चिकटवा. ओढ दोन्हीकडून झाली की कार्ड सरळ होतं.

इंकजेट प्रिंट असेल तर आधी कोपऱ्याला ओलं बोट लावून बघा. शाई पसरली तर तो कागद ब्रशने गोंद लावण्याच्या कामाचा नाही. त्याची लेझर प्रत काढा.

७. वरून काय चढवायचं

चिकटवून सुकल्यावर पेन्सिल, शाई, धागा, शिक्के यांची पाळी. गुळगुळीत मासिकावर पेन्सिल घसरते. तिथे मॅट मीडियमचा किंवा जेसोचा (रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचा) पातळ हात द्या, सुकल्यावर पेन्सिल धरते. ॲक्रिलिकवर तेलखडू चालतो, तेलखडूवर ॲक्रिलिक टिकत नाही. म्हणून तेलकट गोष्ट नेहमी सगळ्यात शेवटी.

फोटोची नुसती छाया उतरवायची असेल तर लेझर प्रत घ्या, पृष्ठभागावर ॲक्रिलिक जेल मीडियम (तसंच, पण घट्ट) लावा, प्रत पालथी दाबा आणि पूर्ण सुकू द्या, घाई केली की शाईसकट सगळं उठून येतं. मग मागचा कागद पाण्याने भिजवून बोटाच्या टोकाने चोळत काढा. कागदाचा लगदा वळ्या होऊन निघतो आणि टोनरचं, म्हणजे लेझर प्रतीच्या शाईचं, चित्र जेलमध्ये अडकून राहतं. ते उलटं उमटतं. त्यामुळे अक्षरं असतील तर प्रतच आरशासारखी उलटी काढा. मी एकदा आख्खी कविता उलटी छापून बसले होते.

ॲक्रिलिकच्या दोन पानांना समोरासमोर दाबून ठेवलं तर ती एकमेकांना चिकटतात, पुरती सुकलेली असली तरी. वहीत मध्ये बटर पेपर ठेवत जा. आणि काम विकायचा किंवा छापायचा विचार असेल तर दुसऱ्याने काढलेले फोटो वापरण्याआधी त्यांच्या हक्कांचं बघा. घरच्या वहीत हा प्रश्न सहसा येत नाही.

८. नेम कसा राखायचा

रोज एक कोलाज पुरं करायचं, असा पण करू नका. तो आठव्या दिवशी मोडतो. रोज वीस मिनिटं टेबलाशी बसायचं, एवढंच ठरवा. अंगात त्राण नसेल त्या दिवशी कागद रंगवा, डोकं चालत नसेल त्या दिवशी नुसतं कापा. मांडायला ताजी नजर लागते आणि चिकटवायला शांत हात. चारही कामं वेगवेगळ्या मनःस्थितीची आहेत, आणि रोज त्यातलं एखादं तरी जमण्यासारखं असतंच.

काहीच सुचत नसेल तर बंधन घालून घ्या. आठवडाभर फक्त पाच तुकडे. किंवा एकच रंग आणि काळा. किंवा कात्री बंद, सगळं फाडूनच. पूर्ण झालेल्या कामाच्या पाठीवर तारीख टाका आणि महिन्याच्या शेवटी सगळी जमिनीवर मांडा. कुठला आकार पुन्हापुन्हा येतोय ते एकेकटं बघून कळत नाही.

उठताना टेबलावरची कात्रणं गोळा करा. त्यातले तीन तुकडे, न निवडता, रिकाम्या ट्रेमध्ये टाकून ठेवा. उद्या बसाल तेव्हा ट्रे रिकामा नसेल.