जगप्रदक्षिणेआधी पिवळं कार्ड

साताऱ्याहून जगप्रदक्षिणेला निघताय? मग तिकिटांआधी वाटेत ब्राझील, पेरू, केनिया येतात का ते बघा. येत असतील तर पीतज्वराची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या ‘यलो फीवर’ची लस घ्यावीच लागते. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही; सरकारमान्य केंद्रातच मिळते, म्हणून पुण्या-मुंबईची खेप आधीच धरा. लशीचा दाखला, म्हणजेच पिवळं कार्ड, लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. तो नसेल, तर अशा देशातून भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. घरी माणसं वाट बघत असताना हे फार जिवावर येतं. साठी उलटली असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नका. पासपोर्टची मुदत परतीनंतरही 6 महिने उरलेली हवी, कोरी पानंही मोजा.