एजंटने एक निमंत्रित जोडला की बाकीचे गायब: माझा अनुभव

लक्षण: गूगल कॅलेंडर हाताळणाऱ्या एआय एजंटला ‘मीटिंगमध्ये आणखी एकाला घे’ सांगितलं की नवा माणूस येतो आणि आधीचे सगळे उडतात. एरर काहीच नाही.

प्रॉम्प्टमध्ये ‘जुने काढू नकोस’ लिहिलं, मॉडेल बदललं. वैताग तेवढा वाढला. दोष टूलच्या वर्णनात होता, म्हणजे एजंट इव्हेंट बदलायला जी सोय वापरतो तिच्याबद्दल त्याला दिलेल्या माहितीत. गूगल कॅलेंडरच्या पॅचमध्ये (इव्हेंटचा काही भागच बदलणाऱ्या विनंतीत) न पाठवलेली फील्ड तशीच राहतात, पण यादी पाठवली की ती जुनी पुसून तिथे बसते. वर्णनात होतं नुसतं ‘इव्हेंट बदलतो’. एजंटला कळणार कसं?

आता तिथे हा क्रम लिहिलाय: आधी आयडीने इव्हेंट वाच, निमंत्रितांची आख्खी यादी घे, तिच्यात नवा ईमेल जोड, मग पूर्ण यादी पाठव. यादीच्या पॅरामीटरच्या (टूलला द्यायच्या माहितीच्या) वर्णनातही पुन्हा: ‘ही यादी जुन्या यादीची जागा घेते’. दर आठवड्याची मीटिंग असेल तर त्या दिवसाचाच आयडी दे. मालिकेचा दिला तर सगळ्या तारखांच्या मीटिंग बदलतात.