मीठ बाजूला ठेवून केलेला मेम्फिसचा रब

डुकराच्या बरगड्यांना, म्हणजे रिब्जना, लावायचा कोरडा मसाला (रब) मी पहिल्यांदा केला तेव्हा सहा पाहुण्यांपैकी चौघांनी दही मागितलं. रेसिपीत दोन टेबलस्पून ‘चिली पावडर’ लिहिली होती आणि घरात होतं आईनं कोल्हापुरातून पाठवलेलं संकेश्वरी मिरचीचं तिखट. घातले दोन चमचे, वर ‘असू दे’ म्हणून आणखी अर्धा. अमेरिकेत चिली पावडर नावानं जी बाटली मिळते तिच्यात नुसती मिरची नसते. सौम्य मिरचीबरोबर जिरं, ओरेगानो, लसूण पावडर, कधी मीठसुद्धा असतं. थोडक्यात, तो तयार मसालाच. तेव्हापासून माझ्या रबमध्ये ती बाटली नाहीच. मिरची वेगळी, जिरं वेगळं.

मी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मेम्फिस शहराजवळ राहते. इथं रिब्ज मागवल्या की विचारतात, वेट का ड्राय? वेट म्हणजे सॉस लावलेल्या, ड्राय म्हणजे नुसत्या मसाल्यातल्या. ड्राय रिब्जचं नाव झालं ते मुख्यतः राँदेव्हूमुळे. ग्रीक वंशाच्या चार्ली व्हर्गोस यांनी १९४८ साली सुरू केलेलं हे हॉटेल एका गल्लीतल्या तळघरात आहे. तिथल्या मसाल्यातला ओरेगानो नाकाला लगेच कळतो. बार्बेक्यूचं वेड इथं इतकं, की १९७८ पासून मे महिन्यात त्याची जागतिक स्पर्धा भरते. मला मात्र हे सगळं शिकवलं ते कुंपणापलीकडच्या सत्तरीच्या आजोबांनी. त्यांचं एक सोडून बाकी सगळं मी ऐकते. ते एक म्हणजे मीठ.

आधी प्रमाण. पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) ६० ग्रॅम, ब्राउन शुगर ६० ग्रॅम, लसूण पावडर २० ग्रॅम, कांदा पावडर १५ ग्रॅम, जाडसर कुटलेली काळी मिरी १५ ग्रॅम, मोहरीची पूड ८ ग्रॅम, जिरं ६ ग्रॅम, सुका ओरेगानो ४ ग्रॅम, सेलरीचं बी ३ ग्रॅम आणि झणका यायला केयेन मिरची ४ ग्रॅम. केयेनऐवजी आपलं रोजचं लाल तिखट चालतं, पण तेवढंच. पॅप्रिका जुनी, विटकरी पडलेली असेल तर नवी आणा, कारण रंग आणि अर्धी चव तिचीच. मी निम्मी पॅप्रिका आणि निम्मं काश्मिरी मिरचीचं तिखट घेते. रंग तोच येतो, पण जिभेवर थोडं कळतं. हे सगळं मिळून दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर होतं; रिब्जच्या एका पट्ट्याला पंचवीस-तीस ग्रॅम पुरतो.

कांदा-लसूण मसाला करायची सवय असलेल्या हाताला इथं चुकल्यासारखं होतं. तेलात काही तळायचं नाही, खोबरं नाही, डंकावर जायचं नाही. मसाला मांसावर बसून पाच-सहा तास भाजणारच आहे. आधीच खमंग केलात तर शेवटी कडवट लागतो. मी फक्त जिरं कोरडं गरम करते, तेही वास सुटेपर्यंतच. मिरी खलबत्त्यात. मिक्सरला लावली की तिचं पीठ होतं आणि मग दाताखाली काही येत नाही.

त्रास देते ती ब्राउन शुगर. ही म्हणजे पांढऱ्या साखरेलाच मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा, घट्ट पाक) लावलेलं असतं, त्यामुळे ती दमट असते आणि तिला काकवीच्या जवळचा वास येतो. आदल्या रात्री ताटात पातळ पसरून ठेवा, सकाळी चाळणीतून बोटांनी घासून घ्या. गूळ पावडर वापरून पाहिली मी; बरणीत तिसऱ्या दिवशी ढेप झाली.

आता मिठाचं. आजोबा रबमध्येच मीठ घालतात आणि पन्नास वर्षांच्या हाताला ते साधतंही. मला नाही साधलं. एकाच बरणीतून एकदा रिब्ज खारट झाल्या आणि पुढच्या आठवड्यात खांद्याचा मोठा तुकडा आतून अळणी. कारण साधं आहे. मीठ मांसात हळूहळू आत उतरतं, बाकीचा मसाला जवळजवळ सगळा वरच राहतो. मीठ लागतं वजनाच्या हिशोबानं आणि मसाला लागतो पृष्ठभागाच्या. बरगड्यांचा पट्टा चपटा, त्यावर मसाला भरपूर बसतो आणि मांस कमी. खांद्याचं नेमकं उलट. एकाच मिश्रणात दोन्ही हिशोब जुळणार कसे?

म्हणून आदल्या रात्री नुसतं मीठ. हाड नसलेल्या मांसाला किलोमागे १० ग्रॅम, सव्वा किलोच्या रिब्जच्या पट्ट्याला ८ ग्रॅम, कारण त्यात हाडंच बरीच. काट्यावर तोला, चमच्यानं नको. इकडे मिळणाऱ्या काही कोशर मिठांचे खडे इतके पोकळ असतात की त्यांचा एक चमचा आपल्या बारीक मिठाच्या जेमतेम निम्म्या वजनाचा भरतो. मीठ लावून न झाकता फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात.

रिब्जच्या हाडांकडच्या बाजूला एक चिवट पापुद्रा असतो, तो मीठ लावायच्या आधीच काढा. बोथट सुरीचं टोक एका हाडावरून त्याखाली सरकवा, कोपरा सुटला की पेपर टॉवेलनं पकडून ओढा, कारण बोटांतून निसटतो. नशीब असेल तर आख्खा निघतो, फणसाच्या चिकासारखा चिकटून बसला तर तुकड्यातुकड्यांनी.

सकाळी मांस टिपून कोरडं करा, पिवळ्या मोहरीच्या सॉसचा अगदी पातळ हात फिरवा आणि वरून रब भुरभुरा. नाव रब असलं तरी चोळायचं नाही. चोळला की गोळे होतात आणि जागोजाग उघडं राहतं. एका हातानं वीतभर उंचीवरून टाकायचा, दुसऱ्यानं थापायचा. लागेल तेवढा रब आधीच वाटीत काढून घ्या. कच्च्या मांसाचा हात लागलेला उरला तर सरळ टाकून द्या, परत बरणीत नको. वीस मिनिटांनी बघा. कोरडा, पिठूळ दिसणारा मसाला ओला होऊन चकाकायला लागतो, रंग भिजलेल्या विटेसारखा गडद होतो. तो दिसला की चुलीकडे न्यायचं.

कोळसे ग्रिलच्या एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकण बंद, कोळशांवर हिकरीच्या लाकडाचे दोन तुकडे. आत २२५ ते २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १०७ ते १२१ सेल्सिअस. याच मंद आचेवर या रबमधली साखर टिकते. ३५० फॅरनहाइटच्या वर गेलात की करपते, आणि करपलेल्या पॅप्रिकाचा कडवटपणा कुठल्याच सॉसनं झाकत नाही. स्पेअर रिब्जना (पोटाकडच्या बरगड्यांना) पाच ते सहा तास. चिमट्यानं पट्टा मधोमध उचलला की वाकून वरची साल तडकायला हवी. उतरवल्यावर थोड्या व्हिनेगर-पाण्याचा हात आणि त्यावर आणखी चिमूट-दोन चिमूट कोरडा रब, ही खास इथली पद्धत. पहिला थर धुरात मुरलेला असतो, हा दुसरा ताजा लागतो. हाच माझा आवडता घास.

भारतात घरच्या गॅसवर, ग्रिल पॅनमध्ये पोर्क चॉप्स करणार असाल तर ब्राउन शुगर पूर्ण वगळा, तिथं आच फार. चॉप्स आतून ६३ अंश सेल्सिअस झाले की उतरवून तीन मिनिटं तसेच ठेवा.

रब कसा झालाय हे मांसाला लावायच्या आधी कळायला हवं. मी उकडलेल्या गरम बटाट्याच्या फोडीवर लोणी, मीठ आणि चिमूटभर रब घालून चाखते. कोरडा चाटून काही समजत नाही, नुसती मिरची झोंबते. बरणी घट्ट झाकणाची घ्या, शेगडीपासून लांब ठेवा, वर तारीख लिहा. तीन महिन्यांत संपवा. लेकीनं भाजलेल्या कणसावर भुरभुरायचा शोध लावल्यापासून आमच्याकडे महिनाभरसुद्धा पुरत नाही, फक्त कणसाला मीठ वेगळं लावावं लागतं.