व्होल्ट आणि अँपिअरवरून वॅट न् ओहम कसे काढायचे

इस्त्री नीट तापत नाही म्हणून लगेच कॉइल बदलू नका, आधी व्होल्टेज न् करंट मोजा. मीटरवर समजा 230 व्होल्ट आणि 4.3 अँपिअर दिसले तर गुणाकार केला की पॉवर, म्हणजे साधारण 989 वॅट, आणि भागाकार केला की रेझिस्टन्स, साधारण 53.5 ओहम, म्हणजे 1000 वॅटची इस्त्री एकदम ठणठणीत आहे.

आता सोलापूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कुलर चालू असतात, अशात तुमच्याकडं व्होल्टेज 190 वर आलं असं धरा. कॉइल तीच, ओहम जवळपास तेवढेच, पण करंट 3.55 वर येतो आणि पॉवर 675 वॅटच उरते! व्होल्टेज सतरा-अठरा टक्केच पडलं पण पॉवर जवळजवळ तिसरा हिस्सा गेली, कारण व्होल्टेजबरोबर करंटपण पडतो.

करंट मोजायचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर, एकाच वायरीभोवती लावायचा बरं का, अख्ख्या केबलभोवती लावला तर जाणारा-येणारा करंट एकमेकाला खाऊन शून्यच दाखवतो. इस्त्रीचा लाइट चालू असतानाच रीडिंग घ्या, आणि इन्शुलेशन सोललेल्या वायरीला हात अजिबात नको.

कुलरच्या किंवा लूमच्या मोटारीला मात्र हा हिशोब असाच चालत नाही. तिथं पॉवर फॅक्टरनं (व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या पॉवरचा हिस्सा) गुणायला लागतं, थ्री फेज असेल तर वर 1.732 नं पण, आणि व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे काय वाइंडिंगचे (मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्याचे) ओहम नव्हेत, ते सप्लाय काढून मल्टीमीटरनंच मोजा.